मैत्रिणीच्या देशात जाताना

पुणे, रविवार

चि. सई,


काल दादाचा फोन आला होता. एप्रिलच्या अखेरीला तू जपानला निघतेस आणि मैत्रिणीबरोबर दोन आठवडे फिरणार हे ऐकून फार बरं वाटलं. "तिची मैत्रीणच आहे तिथे, आता आपण कशाला काळजी करायची?" असं दादा म्हणाला. मला मात्र मैत्रीण आहे म्हणूनच जरा सांगावंसं वाटतं. ट्रॅव्हल कंपनीला आपण पैसे मोजलेले असतात, त्यामुळे आपल्याला कुरकुर करता येते आणि त्यांना नकार देता येतो. मैत्रिणीला यातलं काही करता येत नाही. त्यातून ती जपानी. ती तोंडावर नाही म्हणणार नाही. दमली असली तरी हसून तुला हवं तिथे नेईल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ऑफिसची गाडी पकडेल.

आधी तारखांचं बघ. २९ एप्रिल, मग ३, ४ आणि ५ मे या सरकारी सुट्ट्या. यालाच तिकडे गोल्डन वीक म्हणतात. तुझ्या मैत्रिणीला तेव्हा रजा आहे, कारण साऱ्या देशालाच तेव्हा रजा असते. त्या दिवसांत 'नोझोमी' या तोक्यो-क्योतो मार्गावरच्या सगळ्यात वेगवान शिन्कान्सेन गाडीला बिनआरक्षणाचा डबाच नसतो, आणि क्योतोच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा मिळत नाही. माझं ऐकशील तर गर्दीचे ते दिवस तिच्या आईवडिलांच्या घरी आणि आसपास घालव. ती कामावर रुजू झाली की लांबचा प्रवास एकटीने कर. एकटीने म्हटल्यावर वहिनी डोळे मोठे करतील, पण बायकांना एकटं फिरायला इतका सोपा देश मी तरी दुसरा पाहिला नाही.

पासचं खूळ डोक्यातून काढ. जपान रेल पास परदेशी पर्यटकांसाठी असतो, तुझ्या मैत्रिणीला मिळणार नाही. तू पासवर बसणार आणि ती पूर्ण तिकीट काढून शेजारी बसणार. शिवाय पासवर नोझोमीसाठी वेगळे पैसे भरावे लागतात, म्हणून तू संथ गाडी धरणार आणि तुझ्यापायी तीही त्याच गाडीने येणार. ऑक्टोबर २०२३मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनांवरून एकदम ५०,००० वर गेला. तोक्यो ते क्योतो नोझोमीचं तिकीट सुमारे १४,००० येन. जाऊन-येऊन हिशेब केलास तरी पास परवडत नाही. साधी तिकिटं काढ, शहरातल्या गाड्यांसाठी सुइका कार्ड घे. जेवणाचं बिल जिचं तिने द्यावं, तिकडे मित्रमंडळींत तशीच रीत आहे. 'मी देते, मी देते' अशी आपल्याकडची झोंबाझोंबी गल्ल्यापाशी करू नकोस. बिचारी संकोचाने लाल होईल.

आता मला खरं सांगायचंय ते सांगते. चाकणच्या कारखान्यांत दुभाष्याचं काम करत माझी निम्मी हयात गेली, म्हणून हे मला पोटतिडकीने सांगता येतं. परिषदांमध्ये एकीकडे ऐकत दुसरीकडे भाषांतर सांगणारे दुभाषे दर वीस-तीस मिनिटांनी पाळी बदलतात, कारण त्यापुढे डोकं चालत नाही. तुझी मैत्रीण सकाळी नाश्त्यापासून रात्री झोपेपर्यंत हेच काम फुकट आणि एकटीने करणार आहे. मेनू वाच, वेटरला विचार, पाटी काय म्हणते सांग, आई काय म्हणाली सांग, आईला सईचं उत्तर सांग. तिसऱ्या संध्याकाळी ती गप्प होईल आणि तुला वाटेल हिला राग आला. राग नसतो गं, शब्द संपलेले असतात. तेव्हा तिला गप्प बसू दे. गाडीत तर सगळेच गप्प असतात, कोणी फोनवरही बोलत नाही.

जे तुझं तुला जमतं ते तिला विचारूच नकोस. तोक्योच्या मेट्रोत प्रत्येक स्टेशनाला अक्षर आणि आकडा आहे, गिन्झा मार्गावरचं गिन्झा म्हणजे जी-०९. शिन्कान्सेनमध्ये इंग्रजीतून घोषणा होतात. पुष्कळ हॉटेलांच्या काचेत पदार्थांचे प्लॅस्टिकचे नमुने मांडलेले असतात, बोट दाखवलं की झालं. आणि जपानीची एन-फोर परीक्षा पास झालीस ना? मग तिच्या आईशी तूच बोल, तोडकंमोडकं का होईना. मैत्रिणीकडे वळून इंग्रजीत वाक्य सोपवायची सवय एकदा लागली की त्या माउलीशी तुझी ओळखच होणार नाही.

तसंच, 'काय काय बघायचं ते तूच ठरव' असं तिच्यावर टाकू नकोस. पुणेकर जसे पाहुणे आल्याशिवाय शनिवारवाड्यात शिरत नाहीत, तसे तोक्योत जन्मून तोक्यो टॉवरवर न चढलेले लोक ढिगाने सापडतील. बघायच्या जागांची माहिती पुस्तकात तिच्यापेक्षा चांगली मिळते. तिला विचार, की रविवारी तू काय करतेस? मग ती तुला गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघरात नेईल, डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या खाऊच्या बाजारात संध्याकाळी किमती उतरल्यावर नेईल. तिथे तुला एकटीने जायचं सुचलंही नसतं.

खाण्याचं मात्र तू इथूनच ठरवून जा. 'मी शाकाहारी' एवढ्याने तिथे भागत नाही. मिसो सूप, उदोनचा रस्सा, उकडलेल्या भाज्या, सगळ्याला दाशी नावाचा अर्क लागतो आणि तो बहुतेक कात्सुओबुशीचा, म्हणजे सुकवलेल्या बोनिटो मासळीचा असतो. उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, घातलेली ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, दिसायला निरुपद्रवी, पण पाकिटावर बघितलं तर तिच्यातही कधी मासळीचा अर्क निघतो. दाशी चालेल की नाही याचा निकाल तुझ्या मनाशी आधी लाव आणि पहिल्याच दिवशी तिला स्पष्ट सांग. चालणार असेल तर पुढे कुरबुर नको. चालणार नसेल तर मी जपानीत एक चिठ्ठी लिहून देते, ती तूच वेटरला दाखव. नाहीतर प्रत्येक हॉटेलच्या दारात तिला कमरेत वाकून माफी मागत चौकशी करावी लागेल आणि चार ठिकाणी नकार ऐकावा लागेल. ते तिला किती जड जातं हे तुला दिसणारही नाही. अगदी निर्धास्त जेवायचं असेल तर कोयासानला एखाद्या मंदिरात मुक्काम कर. तिथे भिक्षूंचा स्वयंपाक असतो, दाशीसुद्धा कोंबू या समुद्री शेवाळाचा.

तिच्या घरी ओफुरोत, म्हणजे आंघोळीच्या टबात, पाहुण्याला पहिला मान देतात. टबाच्या बाहेर छोट्या स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ हो आणि मग पाण्यात उतर. त्याच पाण्यात तुझ्यामागून सगळं घर उतरणार आहे, तेव्हा बूच काढून पाणी सोडून देऊ नकोस. तातामीच्या चटईवर स्लिपर नको आणि बॅगेची चाकंही नकोत.

तिचे वडील कदाचित न्यायमूर्ती राधाबिनोद पालांचं नाव काढतील. भारतीय पाहुणा दिसला की त्या पिढीतले काही जण काढतात. १९४६ ते १९४८च्या, युद्धगुन्ह्यांच्या तोक्यो खटल्यात पालांनी सगळ्याच आरोपींना निर्दोष ठरवणारं वेगळं निकालपत्र लिहिलं, आणि २००५ साली यासुकुनी देवस्थानात त्यांचं स्मारक उभं राहिलं. पालांचा आक्षेप खटल्याच्या कायदेशीर पायावर होता. जपानी सैन्याच्या अत्याचारांचा पुरावा त्यांनी नाकारला नव्हता. हे तुला ठाऊक असावं, पण जेवणाच्या टेबलावर वाद घालायला जाऊ नकोस. ऐकून घे. आणि हिरोशिमाच्या संग्रहालयातून बाहेर पडल्यावर मैत्रिणीला 'तुम्हाला शाळेत युद्धाबद्दल काय शिकवतात?' असं लगेच विचारू नकोस. ती काही तिच्या देशाची वकील नाही. तिला बोलायचं असेल तर रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या आपणहून बोलेल.

एखादा शनिवार-रविवार मात्र तू तिला ने. ओकायामाला जा. आपल्या सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेवरून बेतलं, ती तिथे आसाही नदीच्या काठी आहे, १७०० साली पुरी झालेली. पलीकडे काळा किल्ला दिसतो. पुण्यात असताना मैत्रीण आपल्या बागेत येऊन गेली आहे, त्यामुळे मूळ बाग बघायला तिलाही मजा येईल. वाटेत हिमेजीला उतरता येतं. तिकिटं, खोली, गाडीची वेळ, सगळं तू ठरव आणि तिला दोन दिवस नुसतं मागून चालू दे. मोठी बॅग बरोबर घेऊ नका, कोपऱ्यावरच्या कोंबिनी दुकानात कुरिअरला देऊन टाका, बहुधा दुसऱ्या दिवशी मुक्कामी पोचते.

पासपोर्ट सतत पर्समध्ये ठेव. परदेशी पर्यटकाला तो जवळ बाळगण्याचं तिथे कायद्याने बंधन आहे. मैत्रीण नुसता मोबाइल घेऊन बाहेर पडते म्हणून तूही तशीच निघशील.

आणि वहिनींना सांग, हापूसची पेटी बांधू नका. ताजी फळं सरकारी दाखल्याशिवाय नेता येत नाहीत, विमानतळावरच काढून घेतील. त्यापेक्षा चिक्की द्या, पण एकेक तुकडा वेगळा गुंडाळलेली. म्हणजे तिला थोडी ऑफिसातही वाटता येईल. भेट तुझ्यासमोर उघडली नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस. दाशीच्या चिठ्ठीचं काय ते बुधवारपर्यंत कळव, गुरुवारपासून मी चाकणला अडकलेली आहे.

तुझी,
आत्या