काळवथर आणि कॅमेरा

भूरूपशास्त्राच्या पुस्तकात स्तंभाकार बेसॉल्टचे चित्र आले की ते बहुधा उत्तर आयर्लंडमधील ‘जायंट्स कॉजवे’चे असते. असले काही पाहायला परदेशीच जावे लागते, असा वाचणाऱ्याचा समज होतो. वास्तविक ठाकूरद्वारच्या माणसाने चर्नी रोडला धीमी लोकल पकडून अंधेरीला उतरले तरी पुरे. तेथील गिल्बर्ट टेकडी म्हणजे सुमारे 60 मीटर उंचीचा काळवथराचा सुळका आहे. तो सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. लाव्हा निवताना आकसतो, त्याला तडे जातात आणि हे तडे निवणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात आत आत सरकतात. त्यातून पाच-सहा बाजूंचे खांब तयार होतात.

माझ्याजवळ मोबाइलचाच कॅमेरा आहे. अभ्यासाला तो पुरतो. भर दुपारी उन्हात टेकडी नुसती काळी भिंत दिसते. सकाळी ऊन तिरपे आले की प्रत्येक खांबाच्या एका कडेला सावली पडते आणि खांब मोजता येतात. पायथ्याशी उभे राहून कॅमेरा वर रोखला तर सरळ खांब शेंड्याकडे एकत्र झुकलेले दिसतात. म्हणून लांब जावे, तर भोवती इमारती! समोरच्या इमारतीच्या गच्चीवर परवानगीने जाणे, हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. चौकटीत एखादा माणूस, निदान गावदेवीच्या देवळाकडे जाणाऱ्या पायऱ्या तरी याव्यात. एरवी उंचीचा अंदाज येत नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. वडील गवंडी आहेत. फोटो पाहून ते म्हणाले, “अरे, हे खांब कसले, या दगडाच्या शिरा. शिरेवर पहार लावली की दगड आपसूक सुटतो.” पुस्तकातील ‘सांधे’ ते हेच. आणि खाणवाल्यांनी ही टेकडी चोहोबाजूंनी का कापत नेली, याचेही उत्तर त्यातच आहे. 2007 साली महापालिकेने तिला वारसास्थळाचा दर्जा दिला. तोवर बरीचशी टेकडी खडी होऊन गेली होती.

गिरगावकरांना इतके लांब जायचे नसेल तर मलबार टेकडी आहेच. मुंबईतील लाव्ह्याचे थर पश्चिमेकडे कललेले आहेत. म्हणून या टेकडीची समुद्राकडील बाजू उतरती, तर बाबुलनाथाकडील बाजू उभी. बसमधून हे कोणाच्या ध्यानात येत नाही. दोन्ही बाजूंचे फोटो शेजारी ठेवले की मात्र थरांचा कल ओळखू येतो.

वरळीची गोष्ट याहून नवलाची. तेथे लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्यातल्या चिखलाचा थर सापडला आणि त्यात लहानशा बेडकांचे जीवाश्म. रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1847 साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. म्हणजे लाव्हा सलग वाहत नव्हता. मध्ये तळी साचून त्यांत बेडूक नांदावेत इतकी उसंत मिळत होती. आज वरळीत इमारतींखाली हे खडक फारसे दिसत नाहीत.

तेव्हा एक सुचवावेसे वाटते. कोठे पाया खणताना खडक उघडा पडला, तर तो पुन्हा झाकण्यापूर्वी परवानगी घेऊन फोटो काढावा आणि त्याखाली जागा, तारीख, वेळ व कॅमेऱ्याची दिशा लिहावी. असे फोटो आपल्या भूगोल विभागात एका वहीत लावता येतील. पहिली सात पाने माझ्याजवळ तयार आहेत.