लाइट गेल्यावर पाणी कुठे जातं?

खाऱ्या पाण्याची टाकी घरात असली की पाहुणे मासे बघतात आणि ती सांभाळणारा माणूस खालच्या कपाटात डोकं घालून बसतो. तिथे सम्प असतो: प्रोटीन स्किमर, हीटर, पाणी वर चढवणारा पंप, सगळं त्यात. वरच्या टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोच्या कप्प्यातून खाली उतरतं, पंप ते परत वर पाठवतो. आमच्या चार फुटी टाकीचं जुनं पाइपकाम काढून नवं केलं, तेव्हा उमगलेल्या या गोष्टी.

१. आराखडा काढायचा तो पंप बंद आहे असं धरून. पंप चालू असताना कुठलीही जोडणी शहाण्यासारखीच वागते. तो थांबला की ओव्हरफ्लोच्या काठापर्यंतचं पाणी खाली येतं आणि थांबतं, पण वर जाणारा पाइप उलटा सायफन होऊन टाकी उपसू लागतो. त्याचं तोंड हवेत उघडं पडेपर्यंत हे चालतं. आमची टाकी १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद. म्हणजे पाण्याचा एक सेंटिमीटरचा थर ५.४ लिटरचा. तोंड पाच सेंटिमीटर बुडालेलं असेल तर २७ लिटर खाली येणार, शिवाय पाइपांतलं आणि कप्प्यातलं वेगळं. तेवढी जागा सम्पमध्ये कायम रिकामी हवी. म्हणून पाइपचं तोंड पृष्ठभागाच्या अगदी जवळ आणलं, पाण्याच्या रेषेखाली लगेच एक बारीक भोक पाडलं आणि सम्पच्या काचेवर मार्करने रेघ मारली: पंप चालू असताना पाणी या रेघेच्या वर नको. भोक शेवाळाने बुजतं, ते अधूनमधून टोकरावं लागतं. पुण्यात देखभालीसाठी बहुधा गुरुवारी वीज बंद ठेवतात, त्यामुळे या गणिताचा ताळा आपोआप होत राहतो.

२. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हिशेबात धरू नये. प्लंबरचा आग्रह होता, “काका, हा लावला की पाणी उलटं येण्याचा प्रश्नच नाही.” गोड्या पाण्याच्या लाइनवर त्याचं खरं आहे. खाऱ्या पाण्यात व्हॉल्व्हच्या पडद्यावर चुन्याचा थर चढतो, वाळूचा कण किंवा एखादी चिमुकली गोगलगाय अडकते आणि पडदा नीट मिटत नाही. बसवायचा तर खुशाल बसवा, दोन्ही बाजूंना युनियन देऊन, म्हणजे धुता येईल. पण सम्पमधली रिकामी जागा त्याच्या भरवशावर कमी करू नका.

३. उतरत्या पाण्याला दोन पाइप हवेत. जुन्या जोडणीत एकच होता. त्यातून पाणी आणि हवा एकत्र उतरायची आणि दिवाणखान्यात दिवसभर गुळगुळ चालायची. आता मुख्य पाइप पूर्ण भरून, सायफनने वाहतो. त्यावर गेट व्हॉल्व्ह आहे. बॉल व्हॉल्व्हचा दांडा पाव फेऱ्यात उघडतो नि मिटतो, त्यामुळे आपल्याला हवा तो प्रवाह केसभर अंतरात सापडतो आणि निसटतो. गेट व्हॉल्व्ह फेऱ्याफेऱ्याने बसवता येतो. हार्डवेअरच्या दुकानात मात्र हा बहुतेक पितळी मिळतो आणि पितळेत तांबं असतं. कोळंबी, गोगलगाय, समुद्रफूल यांना ते विष आहे. प्लास्टिकचा मागवून घ्यावा लागला. आत पितळी आटे असलेल्या एल्बोंनाही याच कारणाने रजा, आणि गंजणाऱ्या स्टीलच्या क्लिपांनाही.

या मुख्य पाइपचं खालचं टोक सम्पच्या पाण्यात दोन-तीन सेंटिमीटरच बुडवायचं. जास्त खोल गेलं तर अडकलेली हवा बाहेर पडत नाही आणि वीज परत आल्यावर सायफन स्वतःहून सुरू होत नाही.

दुसरा पाइप संकटकाळचा: उंच, एरवी कोरडा. त्यावर व्हॉल्व्ह बसवायचा नाही, कोणी कितीही सुचवलं तरी. मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण मिटवून बघा, पंपाचं सगळं पाणी या एकट्याने उतरलं पाहिजे. आणि दोन्ही तुंबले तर? तेव्हा पंपाच्या कप्प्यात वरच्या टाकीत मावेल तेवढंच पाणी असलं पाहिजे. लाइट गेल्यावरचा पूर सगळ्यांना सुचतो, लाइट असतानाचा हा सहसा कुणाला सुचत नाही.

४. दुकानात शेजारी ठेवलेले दोन पाइप सारखे दिसतात, सारखे नसतात. शेतीकडचा ३२ मिलिमीटरचा पाइप बाहेरून ३२ भरतो, घरगुती नळकामाचा एक इंची ३३.४. पहिला दुसऱ्याच्या सॉकेटमध्ये सैल बसतो आणि दुकानदार सांगतो, सोल्यूशन जरा जास्त लावा. ऐकू नका. आयात केलेल्या टँक निपलचे आटे अमेरिकन असले तर आपल्याकडच्या एक इंची फिटिंगवर ते एक-दोन फेरे छान जातात आणि मग अडतात. पान्याने जोर केला की चीर पडते.

५. कोरडी जुळणी फसवते. सॉकेट आत निमुळतं असतं, त्यामुळे सोल्यूशनशिवाय पाइप तळापर्यंत जात नाही. सोल्यूशन लावलं की सरकन आत जातो आणि प्रत्येक जोडाला लांबी थोडी घटते. माप सॉकेटची खोली मोजून घ्यावं, कोरड्या जुळणीवरून नाही. एल्बोचं तोंड कुठे वळणार याची खूण जोडावर आडवी करून ठेवावी. नंतर विचार करायला सोल्यूशन वेळ देत नाही.

६. काम चालू असताना माशांना गाळणीपेक्षा हलतं पाणी जास्त लागतं. वरच्या टाकीतला वेव्हमेकर चालू ठेवला, हीटर सम्पमधून काढून वर लावला. सोल्यूशन पूर्ण वाळू दिलं, मग पंप सुरू केला. जोडांभोवती टिश्यू पेपर गुंडाळला होता. डोळ्यांना न दिसणारी ओल त्यावर लगेच उमटते. तिथे दुर्लक्ष झालं तर पुढे मिठाची पांढरी पापडी धरते.

७. नव्या पाइपांमुळे सम्पमधली पातळी बदलते आणि स्किमर त्याबाबत फार हट्टी. पाणी थोडं वाढलं की त्याचा पेला पातळ पाण्याने भरून वाहू लागतो. पहिल्या रात्री पेला काढून ठेवावा किंवा स्किमरखाली ठोकळा देऊन तो उचलावा, आणि नेमकी उंची दुसऱ्या दिवशी बसवावी.