पूर किती फुटांचा, पाणी किती?



पावसाळ्यात आपल्या बडोद्यात घरोघरी एकच प्रश्न असतो : "काळ्या घोड्याजवळ किती फूट झाले?" ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीची ही पातळी 35 फुटांच्या वर गेली. परंतु पातळी म्हणजे प्रवाह नव्हे. नदी बदलली का, हे ठरवताना दोन्ही पाहावे लागतात.

एका सेकंदात जितके पाणी पुढे जाते त्याला विसर्ग म्हणतात.

विसर्ग = रुंदी × सरासरी खोली × सरासरी वेग

आम्ही वर्गात एक काल्पनिक उदाहरण घेतो. पात्र 40 मीटर रुंद, पाणी 5 मीटर खोल आणि वेग सेकंदाला 1 मीटर असेल, तर विसर्ग 200 घनमीटर होतो. आता काठावर भराव टाकून पात्र 25 मीटर केले. वेग तोच धरला, तर तेवढेच पाणी जाण्यास 8 मीटर खोली लागेल. पाणी थेंबभरही वाढले नाही, पण पातळी 3 मीटर, म्हणजे सुमारे 10 फूट चढली! प्रत्यक्षात वेगही थोडा बदलतो, म्हणून तोही मोजावा लागतो.

पूर स्वतःही पात्र बदलतो. वळणावर बाहेरचा काठ खचतो, आतल्या बाजूस गाळ साचतो. माणूस घळी बुजवतो, राडारोडा टाकतो. 2025 मध्ये विश्वामित्रीचा गाळ काढण्याचे व पात्र रुंद करण्याचे काम झाले. त्यामुळे 2024 चे फूट आणि त्यानंतरचे फूट यांची सरळ तुलना करता येत नाही. त्यासाठी ठरावीक ठिकाणी पावसाळ्यापूर्वी व नंतर पात्राचा आडवा छेद मोजावा लागतो.

पावसाचीही नोंद हवी. पावागडकडे पडलेले पाणी शहरात पोहोचण्यास वेळ लागतो, तर सिमेंटच्या अंगणातले पाणी लगेच वाहू लागते. आमच्या मते शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवून विद्यार्थ्यांकडून रोजची नोंद ठेवावी. विश्वस्त मंडळींनी याचा जरूर विचार करावा.

पालकांना विनंती : घरदुरुस्तीचा राडारोडा नदीकाठी जाऊ देऊ नका. ट्रॅक्टरवाल्याला "कुठे टाकणार?" एवढे अवश्य विचारा.

स्वाध्याय : मैदानाच्या कडेची पन्हळ 50 सें.मी. रुंद आहे, पाणी 10 सें.मी. खोल आहे. सुकी काडी 10 मीटर अंतर 20 सेकंदांत कापते. वरचे पाणी जास्त वेगाने धावते, म्हणून वेगाला 0.85 ने गुणा. विसर्ग किती? (उत्तर : सेकंदाला सुमारे 21 लिटर)

हा प्रयोग पाऊस ओसरल्यावर, शाळेच्या आवारात, शिक्षकांसमवेतच करावा. विश्वामित्रीत मगरी आहेत. मोजमापासाठी नदीकाठी मुळीच जाऊ नये.