खरें बोलणें आणि सर्व कांहीं बोलणें

अभ्यासाकरितां वाचन : उत्पत्ति, अध्याय २०, १ शमुवेल १६:१–५

नित्याच्या व्यवहारांत पूर्णपणें खरें बोलणें शक्य आहे काय, आणि शक्य असलें तरी तें शहाणपणाचें आहे काय, असा प्रश्न उपदेशक बंधू वारंवार विचारतात. मापांत मारणें, घेतलेलें कर्ज नाकारणें, ह्यांविषयीं वाद नाहीं. तें पाप आहे हें करणारासही ठाऊक असतें. अडचण येते ती दुसऱ्याच ठिकाणीं. शेजाऱ्याच्या घरची गोष्ट कोणीं विचारली तर काय सांगावें? आजाऱ्यास काय सांगावें?

प्रथम अब्राहामाकडे पाहूं. गरार येथें राहत असतां त्यानें सारेविषयीं ती आपली बहीण आहे असें सांगितलें. पुढें गोष्ट उघडकीस आली तेव्हां तो अबीमलेख राजास म्हणतो कीं, ती खरोखरच आपल्या बापाची कन्या आहे, मात्र आईची नव्हे. म्हणजे उच्चारलेला शब्द खोटा नव्हता. तरी त्या शब्दावर विसंबून एका निरपराध मनुष्यानें परस्त्रीस आपल्या घरीं नेलें, आणि त्याच्या सगळ्या घराण्यावर संकट ओढवलें. येथें परका राजा निर्दोष ठरतो आणि विश्वासणारांचा बाप खजील होतो. शास्त्रानें तें झांकून ठेविलें नाहीं. आपल्या देशांत युधिष्ठिराची कथा सर्वांस ठाऊक आहे. अश्वत्थामा नांवाचा हत्ती मेला होता हें खरेंच. पण द्रोणास पुत्रच मेला असें वाटावें अशा रीतीनें तें सांगितलें गेलें, आणि भूमीच्या चार अंगुळें वर चालणारा धर्मराजाचा रथ खालीं टेकला. तेव्हां वाक्य खरें आहे एवढ्यानें भागत नाहीं. ऐकणाराच्या मनांत तें काय उभें करील हें बोलणारास ठाऊक असतें, आणि त्याचा जाब त्यासच द्यावा लागतो.

आतां शमुवेल. दावीदास अभिषेक करावयास जा अशी आज्ञा झाली तेव्हां शौल आपणांस ठार मारील असें त्यास भय वाटलें. देवानें त्यास कालवड बरोबर घेऊन यज्ञास आलों असें सांगावयास लाविलें. येथें वाचक अडखळतील, आणि अडखळावेंच. हेंही अर्धेंच सत्य नव्हे काय? आमच्या मतें भेद असा आहे. शमुवेलानें यज्ञ खरोखर केला. त्याच्या शब्दावर विसंबून बेथलेहेमच्या वडिलांकडून कांहीं अनुचित घडलें नाहीं. आणि शौल जें जाणूं इच्छिला असता तें जाणून तो रक्त सांडणार होता. अबीमलेखास सत्य कळण्याचा हक्क होता, शौलास नव्हता. हा भेद दर वेळीं इतका स्वच्छ दिसतो असें आम्ही म्हणत नाहीं.

ह्या प्रश्नावर उत्तर आफ्रिकेंतील ऑगस्टीन ह्यानें इ. स. ३९५ च्या सुमारास एक ग्रंथ लिहिला, तो दुर्बोध झाला असें त्यास वाटलें, व सुमारें पंचवीस वर्षांनीं त्यानें दुसरा लिहिला. पहिल्या ग्रंथांत तो आपल्या जन्मगांवच्या, थगास्ते येथील, फिर्मस नांवाच्या बिशपाची हकीकत देतो. फिर्मसानें एका मनुष्यास लपविलें होतें. बादशहाचे शिपाई त्यास मागावयास आले तेव्हां, आपणांस खोटेंही बोलतां येत नाहीं आणि त्या मनुष्यास धरूनही देतां येत नाहीं, असें त्यानें उत्तर दिलें. त्याचे हाल केले तरी तो ढळला नाहीं. शेवटीं त्यास बादशहापुढें नेलें, आणि त्याचें धैर्य पाहून लपविलेल्या मनुष्यास क्षमा मिळाली. ज्याला मौन धरावयाचें आहे त्यानें त्याची किंमत स्वतः भरावी, हें फिर्मसानें ओळखलें होतें.

कोणी म्हणतील, राहाबेनें हेर लपवून खोटें सांगितलें तें कसें? दुसऱ्याचा प्राण वांचवावयास जो खोटें बोलला त्याचा न्याय करावयास आम्ही धजत नाहीं. पण राहाबेचें उदाहरण देणारांपैकीं बहुतेकांच्या धाब्यावर कोणी मनुष्य लपलेला नसतो. लपलेला असतो तो हिशेब.

गांवांत हा प्रसंग बहुधा सोयरीक जुळवितांना येतो. मुलीचा बाप उपदेशकाकडे येऊन मुलगा कसा आहे असें विचारतो. घर खाऊनपिऊन सुखी आहे, दोन बैल आहेत, विहिरीस उन्हाळ्यांतही पाणी असतें, असें उत्तर मिळतें. सर्व खरें; मुलगा दारू पितो एवढेंच राहून जातें. हें अब्राहामाचें उत्तर झालें, कारण त्या शब्दावर बाप आपली मुलगी देणार आहे. त्यास स्पष्ट सांगावें. सांगवत नसेल तर ‘मुलाविषयीं मी कांहीं बोलत नाहीं, तुम्हीं आणखी चौकशी करा,’ एवढें तरी म्हणावें, म्हणजे तो सावध होईल. हीच गोष्ट पारावर बसलेल्या रिकामटेकड्यानें विचारली तर गप्प बसण्यांत कांहीं असत्य नाहीं.

आजाऱ्याची गोष्ट अधिक नाजूक. त्यानें विचारलें नाहीं तर आपण होऊन मरणाची वार्ता त्याच्या अंथरुणाशीं नेऊं नये. परंतु त्यानेंच विचारलें, तर ‘चार दिवसांत उठून शेतावर जाल’ असें म्हणूं नये. डॉक्टरानें जितकें सांगितलें तितकेंच हळू आवाजांत सांगावें. आपल्या पदरचें भय त्यांत घालूं नये, आशाही घालूं नये, आणि सांगून लगेच उठून जाऊं नये. कदाचित् त्याच्या जमिनीची वांटणी राहिली असेल. कदाचित् रुसून दूर गेलेल्या भावास बोलावूं असें तो कित्येक वर्षें म्हणत असेल, आणि तो निरोप आजच धाडावयास पाहिजे असेल.