हत्यारांची खोली आणि छोटे प्रोग्राम

जुन्नरच्या लेण्यांना आपण वंदनेसाठी जातो. परंतु तेथील ब्राह्मी शिलालेखांपाशी फारसे कोणी थांबत नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या लेखांत बांबूकाम करणारे, कासार आणि धान्यव्यापारी यांच्या श्रेणींचे, म्हणजे व्यवसायसंघांचे, उल्लेख आहेत. धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दान दिले. हातात कसब असलेली माणसे त्या काळी धम्माला आधार देत होती.

पुढे तेच कसब जन्माला जखडले गेले. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली जातिनिर्मूलनावरील ग्रंथात दाखवून दिले. म्हणूनच "पोरांना हातकाम शिकवू या" असे आम्ही बैठकीत म्हटले, तेव्हा वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यांचे चुकत नव्हते. बापाचे काम पोराच्या माथी मारले जाणे त्यांनी भोगले आहे. आम्ही म्हणतो ती खोली याच्या उलट आहे. तेथे कोणीही कोणतेही हत्यार उचलतो, आणि जो वेल्डिंग करतो तोच संगणकही चालवतो.

याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. आंबेगावला लागून असलेल्या शिरूर तालुक्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. मुलांनी गावाच्या गरजेचे काम करावे आणि करता करता शिकावे, ही त्यांची पद्धत. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने २००२ साली तेथे 'फॅब लॅब' उभी राहिली. संगणकावर आखणी करून यंत्राने वस्तू घडवण्याची ही कार्यशाळा. एमआयटीच्या बाहेर सुरू झालेल्या अशा पहिल्या कार्यशाळांत पाबळचे नाव घेतले जाते. शाळा सुटलेला मुलगाही तेथे शिकू शकतो, हे आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते.

आपल्याला एवढा पसारा नको. समाजमंदिरातील एक कोरडी खोली, भक्कम टेबल, पाने-पकडी, ड्रिल, सोल्डर, मल्टिमीटर आणि एक जुना संगणक पुरे. भिंतीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवावी; रिकामी आकृती दिसली की काय हरवले ते विचारावे लागत नाही. किल्ली दोघांकडे असावी, त्यांपैकी एक मुलगी. चष्मा लावल्याशिवाय ड्रिलला हात नाही. मोफत दुरुस्तीची सवय मात्र लावू नये. सुट्या भागांचे पैसे घ्यावेत, नाहीतर वर्षभरात खोलीला कुलूप लागते.

आता संगणकाविषयी. प्रोग्राम म्हटले की मुले मोठे काहीतरी डोळ्यांपुढे आणतात. खरा उपयोग दहा-वीस ओळींच्या मदतनीस प्रोग्रामचा. आम्ही पायथॉन भाषेत वर्गणीसाठी एक लिहिला. वहीतील नोंदी तक्त्यात भरायच्या, प्रोग्रामने प्रत्येक सभासदाची बेरीज करायची आणि थकबाकीदारांची यादी काढायची. नावावरून बेरीज करू नका. एकच नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले असते. सभासद क्रमांक वापरा. मूळ तक्त्याला प्रोग्रामचा हात लागू देऊ नका, नक्कल करून तिच्यावर चालवा. पहिल्या ओळीत हा प्रोग्राम कोणी, कधी व कशासाठी लिहिला ते मराठीत लिहा. आणि आधी पाच नोंदींची बेरीज हाताने करून ताळा घ्या.

हा ताळा आम्ही घेतला होता, तरी चुकलो. त्या पाच नोंदींत रक्कम '१००' अशी होती. पुढे कोणी '१००/-' असे भरले होते. प्रोग्रामला ती संख्या वाटेना, आणि संख्या नसेल तर ओळ सोडून दे, असे आम्हीच त्याला सांगितले होते. त्याने मुकाट्याने ओळी सोडल्या. यादी फलकावर लागली आणि दुसऱ्या दिवशी एक वृद्ध माउली पदराच्या गाठीतून पावती काढून आमच्यासमोर उभ्या राहिल्या. रक्कम शंभर रुपयांची. पण नाव चारचौघांत लागले होते.

यादी आम्ही त्यांच्यासमोरच उतरवली आणि क्षमा मागितली. थकबाकीची यादी त्यानंतर फलकावर लावत नाही, ज्याच्या त्याच्या हाती चिठ्ठी देतो. प्रोग्रामही बदलला. न वाचता आलेली प्रत्येक ओळ तो आता वेगळ्या कागदावर काढतो, आणि त्या ओळी खजिनदार स्वतः वहीशी ताडून पाहतात.