फुकटची सरकारी कागदपत्रं ग्रंथालयं नाकारतात का?

अमेरिकेतल्या ठरावीक ग्रंथालयांना सरकारी कायदे, अहवाल, नकाशे फुकट मिळतात. या पद्धतीची सुरुवात 1813 सालची. फुकटचं कोण सोडेल? पण काही जण सोडतात! कारण मालकी सरकारचीच राहते. 2001 च्या हल्ल्यानंतर पाणीपुरवठ्याची माहिती असलेली एक सीडी नष्ट करा, असं सरकारने कळवलं होतं. जागा, कपाटं, माणसं मात्र ग्रंथालयाने पुरवायची. त्यात आता बरंचसं नेटवर आलंय.

मग बाकीचे हा दर्जा का टिकवतात? मला यातली एक अट फार आवडते. खासगी कॉलेजचं ग्रंथालय असलं, तरी हे कागद बघायला आलेल्या कुणालाही आत घ्यावंच लागतं. दर्जा सोडला की ही सक्तीही संपते. नेट न वापरणाऱ्या एखाद्या आजोबांना मग दारावरचा वॉचमनसुद्धा परत पाठवू शकतो.