प्रवाळांचे बांधकाम : मालवणच्या समुद्रातील एक धडा

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बांधकामास १६६४ मध्ये आरंभ झाला, हे आपले विद्यार्थी पाठ करतात. त्याच किल्ल्याभोवतीच्या पाण्यात आणखी एक बांधकाम अखंड चालू आहे, याची मात्र पुष्कळांना कल्पना नसते. ते बांधकाम प्रवाळांचे, म्हणजे पोवळ्यांचे होय.

प्रवाळ दगडासारखा दिसला तरी तो प्राणी आहे. त्याची इवलीशी अळी कठीण खडकावर स्थिरावते, पाण्यातील कॅल्शियम व कार्बोनेट घेऊन स्वतःभोवती चुन्याची वाटी रचते आणि विभाजनाने वसाहत वाढवते. तिच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतात. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करून त्यातील मोठा वाटा यजमानास देतात. यजमान त्यांना निवारा व पोषकद्रव्ये देतो. या सहजीवनावरच सारी भिंत उभी राहते.

सर्व प्रवाळ सारखे नसतात. फांद्यांचे प्रवाळ झपाट्याने वाढतात, परंतु लाटांनी लवकर मोडतात. पोराइट्ससारखे घुमटाकार प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, पण दीर्घकाळ टिकतात. टर्बिनेरिया गढूळ पाणीही सोसतो. मालवणला पावसाळ्यात पाणी गढूळ होते. तेथे हे दोन्ही आढळतात. चुनखडी शैवाल तुटलेले तुकडे सांधतात, तर शैवाल खाणारे मासे नव्या अळ्यांसाठी जागा मोकळी ठेवतात. एकाची उणीव दुसरा भरून काढतो, म्हणून विविधता हेच भित्तीचे बळ आहे. घुमटाकार प्रवाळांच्या सांगाड्यात वर्षागणिक थर उमटतात. इतिहासाच्या अभ्यासकाला ते दप्तरखान्यासारखेच वाटतील, कारण जुन्या तापमानाची नोंद त्यांत वाचता येते.

सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. पाणी चढत गेले, तसतशा जगातील अनेक प्रवाळभित्तीही वर वाढत गेल्या. मग आजच भय कशाचे? बदलाच्या वेगाचे. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखादा अंश अधिक काही आठवडे राहिले, की शैवाल निघून जातात आणि प्रवाळ पांढरा पडतो. तो लगेच मरत नाही. पाणी वेळीच निवले तर सावरतो. परंतु उष्णतेच्या लाटा पाठोपाठ आल्या, तर सावरण्यास अवधीच उरत नाही. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळांनंतर एप्रिल २०२४ मध्ये चौथे जागतिक विरंजन जाहीर झाले.

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले, तेव्हापासून स्थानिक मच्छीमारांच्या मनात उपजीविकेची चिंता आहे. ती रास्त आहे. संरक्षणाचा भार केवळ दुर्बलांवर टाकून चालणार नाही. नाशिकला समुद्र नाही. तथापि एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात जळणाऱ्या कोळशाचा वायू जिल्ह्याची सीमा मानत नाही. तो हवा तापवतो, पाण्यात विरघळून चुन्याची रचना कठीण करतो. म्हणून विजेची काटकसर हाही प्रवाळरक्षणाचाच भाग होय. मालवणला जाणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी प्रवाळावर पाय देऊ नये, तुकडा उचलू नये आणि नावाड्याला नांगर प्रवाळावर न टाकण्याची विनंती करावी. ज्याला वाढायला शतक लागते, ते एका क्षणात मोडू नये.